राजा मरायला तयार होता

सरांच्या शोकसभेत जो उठला तो त्यांच्या संयमावर बोलला. संयमाची मूर्ती झाली, संयमाचा मेरू झाला, एकाने तर संयमाचा वटवृक्षही करून टाकला. मी मागच्या रांगेत बसून चरफडत होते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही कळतं, पण म्हणून खोटं तरी किती ऐकून घ्यायचं? सरांकडे संयम नव्हता. त्यांना प्रत्येक गोष्ट लांबवायची खोड होती, आणि त्या खोडीपायी माझी तीन वर्षं मातीत गेली.

मी भिवंडीतल्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. सर तिथेच इतिहास शिकवायचे. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात शिक्षकखोलीत चुकून त्यांच्या कपातला चहा प्यायले. मी माफी मागितली, दुसरा चहा आणते म्हटलं. सर हसले आणि म्हणाले, "राहू द्या बाई. लक्षात ठेवलंय." मला वाटलं, गंमत केली. सहाएक वर्षांनी माझ्या वाढदिवसाला शिपायाने मुद्दाम आलं घातलेला चहा करून आणला, तर सर तिकडून उठून आले, माझा कप उचलून शांतपणे शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि रिकामा कप माझ्यापुढे ठेवून तासाला निघून गेले. मला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा हसावं की कप फेकून मारावा ते ठरवता आलं नाही.

मुलांना ते त्याच दिवशी शिक्षा कधीच करायचे नाहीत. "तुझी शिक्षा मी ठेवून दिली आहे" एवढंच म्हणायचे. मग ते पोर वर्षभर मान खाली घालून फिरायचं. सर व्हरांड्यात दिसले की भिंतीला चिकटायचं. वार्षिक परीक्षा संपली की सर त्याला बोलावून हातावर पेपरमिंटची गोळी ठेवायचे आणि म्हणायचे, "ही ती." पालक तक्रार घेऊन यायचे; पण पेपरमिंट दिलं अशी तक्रार मुख्याध्यापकांपुढे करायची तरी कशी? त्यांच्या घरी आंब्याची पेटी आली की ती पलंगाखाली जायची. कुणी फोड मागितली की "पिकू द्या." शेवटी वासावरून शेजारी सांगायला यायचे की पेटी बाहेर काढा.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या मनात बसलेलं नाटक कोणतं, तर एका लांबलेल्या सुडाचं. जुनी, पाच अंकी शोकांतिका. सेनापती राजाचा खून करतो, सिंहासन बळकावतो, पण राजाच्या तान्ह्या मुलाला मारत नाही. त्याला स्वतःच्या मांडीवर वाढवतो. मुलाला मोठेपणी सगळं कळतं. तरी तो पहिला अंक थांबतो, दुसरा थांबतो, तिसरा थांबतो. तिकडे खुनी राजाला पाप झोपू देत नाही. पाचव्या अंकात तो स्वतःच गुडघे टेकून कबुली देतो, राजपुत्र तलवार चालवतो, आणि त्याच्या प्रेतापाशी उभा राहून एक लांबलचक भाषण करतो. हे भाषण सर रस्त्याने चालताना पुटपुटत जायचे. नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनाही त्याची सुरुवात पाठ झाली होती. "ज्या हातांनी मला चालायला शिकवलं..." सर लांबून दिसले की एखादा रिक्षावाला तिथूनच सुरू करायचा.

सरांचं एक लहानसं हौशी नाट्यमंडळ होतं; ते निवृत्त झाल्यावरही त्याच्या तालमी शाळेच्याच सभागृहात व्हायच्या. दरवर्षी ते एखादं नाटक बसवायचे, पण हे नाटक कधीच नाही. का नाही, ते मला शेठ आले तेव्हा कळलं.

शेठ मूळचे दिघाशीकडचे. सरांच्याच वयाचे, कॉलेजात त्यांच्या बाकावर बसलेले. घरची वडप्याकडची शेती महामार्गाला लागून होती, तिथे आता गोदामं उभी आहेत आणि दिवसरात्र कंटेनर लागलेले असतात. माणूस श्रीमंत, पण पायात साधी चप्पल. एका संध्याकाळी शाळेच्या सभागृहात आमची कुठल्याशा एकांकिकेची तालीम चालू होती. शेठ दारातून आत आले. डोक्यावरचे केस काढलेले, नुकतंच घरात कुणीतरी गेलेलं दिसत होतं. सरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, म्हातारी गेली. आता मी मरायला मोकला हाय."

सरांनी हातातली एकांकिकेची वही मिटली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ते पाच अंकी कपाटातून काढा."

झालं होतं असं. चाळीसेक वर्षांपूर्वी शेठच्या गावच्या जत्रेत, देवीसमोर मांडव घालून, हेच नाटक बसवलं होतं. सर राजपुत्र आणि शेठ खुनी राजा. सर तेव्हा फार चांगलं काम करायचे म्हणतात. मुंबईच्या एका नाटक कंपनीचा माणूस त्यांना न्यायला तयार होता आणि त्या रात्री तोही मांडवात आला होता. सरांचे वडील कोर्टात कारकून, करडे. त्यांनी सांगितलं होतं की एकदा मी डोळ्यांनी बघतो, मग जायचं की नाही ते ठरवू. ते एसटीने गावात आले आणि पहिल्या रांगेत बसले. त्याच रांगेत शेठची आई बसली होती. तिचा थोरला मुलगा त्याच वर्षी खाडीत बुडाला होता.

त्या गावात एक रीत आहे. नाटकात जो मरेल त्याच्यावरून घरच्या बाईने पडद्याआड भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, म्हणजे देवीसमोरचं खोटं मरण अंगाला लागत नाही. म्हातारीने भाकरतुकडा आणलाही होता, फडक्यात बांधून मांडीवर ठेवला होता. चार अंक ती गप्प बसली. पाचव्या अंकात तिचा उरलेला मुलगा गुडघ्यांवर आला, सरांनी तलवार उचलली, आणि म्हातारी उभी राहिली. "नको मारू रे त्याला," म्हणाली. "येक गेलाय माजा."

शेठनी आईकडे पाहिलं. डोक्यावरचा मुकुट काढून खाली ठेवला, मांडवातल्या फळ्यांवरून खाली उडी मारली आणि आईला धरून घरी घेऊन गेले.

मागे सर राहिले, तलवार उगारून. चोविशीतलं पोर. पुढे काय करायचं ते त्यांना सुचलं नाही, म्हणून त्यांनी पाठ होतं ते केलं. समोर प्रेत नसताना प्रेतापुढचं भाषण सुरू केलं. दोन वाक्यांत मांडव हसायला लागला. कंपनीचा माणूसही हसला. वडील उठून एसटीच्या थांब्यावर गेले. ज्या धंद्यात मरायचा माणूस आईच्या हाकेने उठून घरी जातो त्या धंद्यावर पोट भरत नाही, असं ते म्हणाले, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी सरांना शिक्षकाच्या प्रशिक्षणाला घातलं. त्यांनी मुलाचं नाटक पुन्हा कधी पाहिलं नाही.

हे मला सरांनी नाही सांगितलं. शेठनी सांगितलं, तालमीच्या पहिल्याच आठवड्यात, शाळेबाहेरच्या चहाच्या टपरीवर. आई जिवंत असेपर्यंत पुन्हा असं मरणार नाही अशी तिने त्यांच्याकडून शपथ घेतली होती. "मास्तरांचा जन्म गेला बाई माज्यापायी," ते म्हणाले. "आईला बी दोष देता येत न्हाय, मला बी देता येत न्हाय. मंग त्यांनी द्यायचा तरी कुनाला? एकदा त्यांच्या हातून मरलो की मी सुटलो." त्यांना दोन वर्षांपूर्वी हृदयाचा त्रास होऊन गेला होता. घाई होती ती म्हणून. माणूस वाट बघत होता आणि ते माझ्या डोळ्यांना दिसत होतं.

आणि आमचे सर लांबवत बसले.

पात्रयोजनेपासूनच माझं डोकं फिरलं. राजपुत्र कोण, तर स्वतः सर. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरतात, पण राजपुत्र. केसांना कलप लावून आले तरी राजा धाकटा आणि राजपुत्र थोरलाच दिसायचा. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "बाई, वाट बघून बघून तो म्हातारा झाला असं समजा." मला त्यांनी पुस्तक धरून विंगेत बसवलं होतं, प्रॉम्प्टर म्हणून. माझी कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत जाते असा त्यांचा दावा होता. वर्गात गणित शिकवताना ती पहिल्या बाकापर्यंतही जात नाही, हे कुणाला सांगायचं?

आमच्या सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने आहेत. त्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून सगळी पात्रं बेंबीच्या देठापासून ओरडायची. मधेच लाईट जायची, लूम एकदम थांबायचे, आणि शेठ "मी पापी आहे" असं त्या शांततेत एवढ्या जोरात म्हणायचे की गल्लीतली माणसं खिडकीशी यायची. टपरीवाला भैया आझमगढचा. त्याला नाटकाची गोष्ट पुरती कळली होती. आम्ही बाहेर पडलो की तो रोज विचारायचा, "मास्टरजी, आज मारा?" सर मान हलवायचे. "नहीं भाई, अभी टाइम है." भैया शेठकडे बघून हळहळायचा आणि त्यांच्या चहात साखर जास्त घालायचा.

प्रयोग शेठच्या गावच्या त्याच जत्रेत करायचा होता. पहिल्या वर्षी जत्रा आली आणि सर म्हणाले, मुकुट हलका आहे. पुठ्ठ्याच्या मुकुटाखाली माणूस अपराधी दिसत नाही. शेठनी बिचाऱ्यांनी तांब्याचा करून आणला. तो एवढा जड की तालीम झाली की त्यांची मान धरायची, आणि आतली कड कपाळाला लागून तिथे वळ उठायचा. दुसऱ्या वर्षी कबुलीत खोट निघाली. शेठ कबुली देतात ती बँकेत लोन मागितल्यासारखी, असं सर सगळ्यांदेखत म्हणाले. शेठनी वर्षभर ती सुधारली. शेवटी शेठ बोलायला लागले की मी विंगेत पुस्तक मिटून डोळे पुसत असे, एवढी ती सुधारली. तेवढ्यात आमची राणी लग्न होऊन नाशिकला गेली, प्रधानाची बदली झाली. मी नवी राणी शोधली, नवा प्रधान शोधला, त्यांना पुन्हा पहिल्या अंकापासून शिकवलं. आणि सर तिसऱ्या वर्षी काय म्हणाले? "पिकू द्या."

त्या दिवशी मी फुटले. सगळे गेल्यावर सरांना म्हटलं, "सर, तुम्हाला त्यांना मारायचंच नाहीये. तुम्हाला त्यांना नुसतं गुडघ्यांवर ठेवायचंय. त्यांची तब्येत बघा. हा सूड झाला, नाटक नव्हे." असं मी त्यांना आजवर कधी बोलले नव्हते.

सर खुर्च्या आवरत होते. आवरता आवरता म्हणाले, "बाई, सगळे म्हणतात राजपुत्र भित्रा आहे, म्हणून थांबतो. तसं नाही. एकदा त्याला मारला की त्या राज्यात याच्या बापाला ओळखणारं कोण उरतं? कुणाशी बोलायचं मग त्याने?" आणि खुर्ची खुर्चीवर चढवून म्हणाले, "रोज संध्याकाळी येतो की नाही तो? चाळीस वर्षं आला नव्हता."

मला आणखीच राग आला. एवढं होतं तर चाळीस वर्षांत कधीतरी स्वतः उठून जायचं होतं दिघाशीला. एसटी होती, नंतर रिक्षा होत्या. पण नाही. हे पिकू देत बसले. मी सांगून टाकलं की या जत्रेला प्रयोग झाला नाही तर पुस्तक मी कामवारी नदीत टाकणार. सर म्हणाले, लक्षात ठेवतो.

प्रयोग झाला. त्याच गावात, त्याच देवीसमोर. दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही म्हणून दिवेलागणीलाच नारळ फोडला. आता मांडव नव्हता, पक्का रंगमंच होता, वरून माइक सोडलेले. पहिल्या रांगेत शेठच्या घरातली झाडून सगळी माणसं होती आणि शेठच्या बायको, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, मांडीवर फडकं घेऊन बसल्या होत्या. फडक्यात काय होतं ते मला माहीत होतं. ही बाईही उठली तर?

चार अंक बरे गेले. सरांच्या कलपाला लोक थोडे हसले, पण ते चालायचंच. पाचव्या अंकात शेठ गुडघ्यांवर आले. कबुली सुरू झाली तसं सगळं गाव गप्प झालं. लोकांना ती जुनी गोष्ट ठाऊक होती, म्हाताऱ्या माणसांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. शेठनी सगळं म्हटलं, एक शब्द न चुकता, आणि मान खाली घातली. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. सरांनी तलवार उचलली.

उचलली आणि थांबले. मी देवाचा धावा केला. या माणसाचा काही भरवसा नव्हता. इथेही "पिकू द्या" म्हणून तलवार म्यान केली असती तर? मी वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं. शेठनी मान न उचलता, ओठ न हलवता म्हटलेलं मला विंगेत ऐकू आलं, "मास्तर, मारा आता."

सरांनी तलवार चालवली. लाकडाची, वरून चंदेरी कागद लावलेली. शेठ पडले. इतक्या वर्षांचं साचलेलं पडणं, त्यामुळे ते जरा जास्तच मनापासून पडले. मुकुटासकट डोकं रंगमंचावर आपटलं आणि माइकमधून तो आवाज गावभर गेला.

आता भाषण. ज्या भाषणासाठी हा माणूस जन्मभर रस्त्याने पुटपुटत फिरला ते भाषण. समोर प्रेत होतं, लोक श्वास रोखून बसले होते. मी म्हटलं, "ज्या हातांनी मला..." सर बोलेनात. मी पुन्हा म्हटलं. सरांनी मला माशी हाकलावी तसा हात केला. तलवार बाजूला ठेवली. कुरकुरत्या गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले, शेठच्या डोक्यावरचा तो तांब्याचा मुकुट सोडवला, डोकं मांडीवर घेतलं, मागून टेंगूळ चाचपलं आणि विचारलं, "लागलं का रे?"

माइक चालूच होता.

मेलेला राजा डोळे मिटूनच म्हणाला, "न्हाय रं. तू बोल."

मग काय व्हायचं ते झालं. लोक हसले. आधी पोरं हसली, मग सगळे. त्याच गावात, त्याच देवीसमोर, त्याच अंकात, पुन्हा हसले. मी पुस्तक हातात धरून रडकुंडीला आले होते. आणि सर भाषण न करता तिथेच बसून राहिले, शेठचं डोकं मांडीवर घेऊन, हसणाऱ्या लोकांकडे बघत. चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही. पडदा ओढणाऱ्याला मीच खूण केली, नाहीतर ते उठलेच नसते.

पडद्याआड वहिनी आल्या. शेठवरून भाकरतुकडा ओवाळला. मग सरांकडे पाहिलं आणि त्यांच्यावरूनही ओवाळला. "ह्यांच्यावरून त्या टायमाला कुनी ओवाळलं नव्हतं," म्हणाल्या, आणि तो टाकायला मागच्या दाराने बाहेर गेल्या. सर तोंड फिरवून चेहऱ्यावरचा रंग पुसत बसले. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, पण तरीही मी त्यांना सोडलं नाही. तीन वर्षं, दोन राण्या, दोन प्रधान, आणि भाषण का नाही केलं, असं विचारलं.

"ते मेलेल्या माणसासाठी लिहिलंय, बाई," सर म्हणाले. "हा बोलत होता."

त्यानंतर तालीम बंद झाली नाही, ती शाळेतून टपरीवर गेली एवढंच. दोघे रोज संध्याकाळी तिथे बसायचे. भैयाने विचारणं सोडलं होतं. सर दिवाळीनंतर झोपेत गेले. या एका बाबतीत त्यांनी काही लांबवलं नाही.

शोकसभेत शेठना बोलायचा फार आग्रह झाला. त्यांनी हात जोडले आणि बसून राहिले. सभा संपल्यावर म्हणाले, बाई, तुम्हाला घरी सोडतो. गाडी नाक्यावर कंटेनरच्या रांगेत अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. शेठनी गाडी बंद केली. मग म्हणाले, "बाई, तुमी पुस्तक धरून व्हता. खरं सांगा. त्या दिवशी मी नीट मरलो ना?"

माझा राग अजून गेलेला नव्हता, सरांवरचा आणि सगळ्यांवरचा. मी म्हटलं, "मेलात. चांगले मेलात. पण मेल्यावर बोललात कशाला?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी अडाण्यासारखं विचारल्यासारखं.

"चालीस वर्सांनी त्यानं इचारलं, बाई," ते म्हणाले. "मंग बोलायचं न्हाय?"